तिसरी फ्लॉपी

“वाचून नाही राहिली गं,” चाफले काकाजी म्हणाले आणि खुर्ची मागे सरकवून त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. ही फ्लॉपी वाचता येत नाही. पुन्हा बघू, की सोडून देऊ? काकाजींनी माझ्यादेखत ‘पुन्हा’ची कळ दाबली. कॉम्प्युटरनं घसा खरवडल्यासारखा आवाज केला, थोडा वेळ घुरघुरला आणि तीच ओळ परत येऊन बसली.

“घरी तर मी उघडून पाहिली ना. बरोबर उघडत होती.”

“तुमचं मशीन जुनं आहे ना बाप्पा. जुन्या मशीननं लिहिलेलं नव्याला लागत नाही कधी कधी.” त्यांनी फ्लॉपी काढून माझ्या हातात ठेवली. “राहू दे आज. सणाचा दिवस आहे. उद्या पाहू.”

“उद्या नाही काकाजी. आजच पाहिजे.”

ते माझ्याकडे न बघता टेबलावरचे स्क्रू गोळा करत राहिले. जुन्या स्पीकरचं काळं, गोल लोहचुंबक त्यांच्या टेबलावर कायम असायचं. रेडिओ, पंखे, घड्याळं, काहीबाही उघडून बसायची त्यांना सवय होती, आणि सुटे स्क्रू, टाचण्या ते त्या चुंबकावर चिकटवून ठेवायचे.

त्या फ्लॉपीत माझ्या धाकट्या भावाचा फोटो होता. धनंजय, म्हणजे आमचा धनू, वसुबारसेच्या आदल्या दुपारी घरातून गेला तो परतला नव्हता. अकरावीत होता. घटक चाचणीत गणितात नापास झाला म्हणून बाबा त्याला त्या सकाळी वाटेल ते बोलले होते. “तोंड दाखवू नको मला,” इथपर्यंत बोलले होते. त्यामुळे पोरगा रागावून पळाला, हे आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीनं धरूनच टाकलं. चाफले काकाजींनी तर त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. खांद्यावर बॅग घेऊन चंद्रपूरच्या बसस्टँडवर नागपूरच्या गाडीकडे चालला होता, मी हाक मारेपर्यंत गर्दीत दिसेनासा झाला, असं त्यांनी त्याच संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून सांगितलं. बाबा तसेच, अंगावरच्या कपड्यांनिशी, माझ्या काकाला घेऊन नागपूरला गेले.

धनूचे मोठेपणीचे फोटो दोनच. अकरावीच्या प्रवेशासाठी काढलेले. एक पोलिसांनी ठेवून घेतला, दुसरा खिशात घालून बाबा नागपूर, वर्धा, बडनेरा अशी स्टेशनं पालथी घालत होते. सकाळी कंपनीच्या ऑफिसात त्यांचा फोन आला होता. “एका फोटोनं किती जणांना दाखवू, प्रणिता? पोस्टर करून पाठव. भिंतीवर लावतो.” एवढं बोलेपर्यंत त्यांचा आवाज फाटला आणि काकानं फोन घेतला.

मी तेव्हा चंद्रपूरला कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. तिथल्या स्कॅनरवर पावसाळ्यात मी धनूचा फोटो उतरवून घेतला होता, ओळखपत्र करायचा सराव म्हणून. ती फाइल घरच्या कॉम्प्युटरवर होती. कंपनीनं जुनी यंत्रं लिलावात काढली तेव्हा बाबांनी तो घेतला होता. त्याला प्रिंटर नव्हता. क्लास दिवाळीसाठी बंद. अख्ख्या कॉलनीत प्रिंटर असलेलं घर एकच, आमच्या समोरचं. चाफले काकाजींचं.

कोळसा खदानीची ती कॉलनी. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण, अशी एकसारखी क्वार्टरं समोरासमोर. काकाजी खदानीत मोठे सुपरवायझर होते. पूर्वेकडची जुनी खदान बंद पडून तिच्यात पाणी भरलं होतं. तिचं कुंपण आणि तिथले चौकीदार त्यांच्याच हाताखाली होते. त्यांचा अंकुश आणि आमचा धनू एका वर्गात, एका बाकावर. लहानपणापासून दोन्ही घरांत दोघांचं ताट असायचं.

“अंकुशला कसं आहे?” मी उठता उठता विचारलं.

मागच्या खोलीचं दार बंद होतं. पडदासुद्धा ओढलेला.

“ताप उतरून नाही राहिला,” काकाजी म्हणाले. “त्याला काही विचारू नको. मी विचारलं सगळं. त्याला काही माहीत नाही.” मग टेबलाच्या खणातून त्यांनी एक कोरी फ्लॉपी काढली, आपल्या कॉम्प्युटरमध्ये घालून तयार केली आणि मला दिली. “हिच्यावर घेऊन ये. माझ्या मशीनवर बनवली आहे. लागायला पाहिजे.”

मला त्यांचं केवढं बरं वाटलं होतं तेव्हा. दिवाळीच्या दिवशी लोक आमच्या दारावरून मान खाली घालून जात होते, आणि हा माणूस आपलं काम सोडून माझ्यासाठी बसला होता.

बाहेर नरकचतुर्दशीची दुपार होती. प्रत्येक अंगणात रांगोळी, दारांवर आकाशकंदील, पोरांच्या हातांत टिकल्यांची पिस्तुलं. आमच्या अंगणात सडासुद्धा पडला नव्हता. मी फाटक लावत होते तेव्हा खदानीतला दुपारचा सुरुंग उडाला. जमीन हलली, खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आम्हाला त्याची जन्माची सवय. त्या दिवशी मात्र मी फाटक धरून उभी राहिले.

आई पुढच्या खोलीत खिडकीशी बसली होती. त्या तीन दिवसांत तिची जागा ठरून गेली होती. शेजारी चकलीच्या भाजणीचा डबा, झाकण अर्धवट उघडं. धनूला चकली आवडते म्हणून भाजणी दळून आणली होती ती तशीच.

“झाला फोटो?”

“त्यांच्या मशीनला फ्लॉपी लागत नाही. दुसऱ्यावर घेऊन जाते.”

“प्रणिता,” ती म्हणाली, “कोणती बॅग होती गं त्याच्याजवळ?”

हा प्रश्न ती पहिल्या रात्रीपासून विचारत होती. मी कपाटावरच्या, पलंगाखालच्या सगळ्या बॅगा मोजून झाल्या होत्या. कॉलेजचं दप्तर खुंटीला होतं.

“कोणाची तरी घेतली असेल.”

“कोणाची?”

मी कॉम्प्युटर चालू केला. आमचं यंत्र सुरू व्हायला वेळ घ्यायचं. फोटोची फाइल मोठी, फ्लॉपीत तशी मावत नव्हती. तिला आवळून लहान करायची, मग फ्लॉपीवर चढवायची. पट्टी हळूहळू भरत होती आणि आई माझ्या पाठीमागे येऊन उभी राहिली होती. काम झाल्यावर मी फ्लॉपीवरूनच फोटो उघडून पाहिला. धनू आला. बुशकोटाची वरची गुंडी लावलेली, केसांना पाणी लावून बसवलेले, हसू दाबून धरलेलं. फोटोग्राफरनं हसू नको म्हटलं होतं म्हणून.

आईनं हात पुढे करून पडद्याची काच पदरानं पुसली. “जा,” ती म्हणाली.

काकाजी दारातच भेटले. जणू माझी वाटच बघत होते. “आण,” म्हणाले आणि फ्लॉपी माझ्या हातातून घेतली. “बस. चहा घे. शोभा, चहा ठेव गं.”

काकूंचा आतून काही आवाज आला नाही. फ्लॉपी हातात धरून काकाजी काही वेळ तसेच उभे राहिले, छातीशी धरल्यासारखी. बाबांचा फोन आला का, पोलिसांनी काय म्हटलं, वर्ध्याला कुठे उतरले, असं विचारत राहिले. मग बसले, फ्लॉपी घातली.

घुरघुर. तीच ओळ.

“नाही ना,” ते म्हणाले.

मला रडू आलं. आवरता आवरेना. टेबलावर स्क्रू विखुरले होते, त्यांतला एक मी उगाच उचलला आणि बोटांत फिरवत बसले. काकाजी म्हणाले, “बाई, मी सांगतो ते ऐक. पोरं अशी जातात अन् येतात. पोस्टर लावून उलट त्याची बदनामी. उद्या तो परत आला तर त्याला तोंड दाखवायला जागा राहील का?”

“परत तर येऊ दे काकाजी.”

बंद दारामागून खोकल्यासारखं काही ऐकू आलं. काकाजींनी मान वळवली नाही. पण त्यांची मान ताठ झाली.

मी परत घरी आले, तिसरी फ्लॉपी घेतली, पुन्हा तेच सगळं केलं. ही माझ्या क्लासमधली चांगली फ्लॉपी होती, वर्षभर वापरून एकदाही दगा न दिलेली. कॉपी करून झाल्यावर मी ती काढून परत घातली, उघडली, परत काढली, परत उघडली. दर वेळी धनू आला.

ऊन उतरायला लागलं होतं. चाफल्यांच्या फाटकाशी काकू वाकून उभ्या होत्या, हातात रांगोळीची वाटी. पण जमिनीवर एक ठिपकासुद्धा नव्हता. त्या कशासाठी बाहेर आल्या होत्या ते मला तेव्हा कळलं नाही. मी जवळ गेले तेव्हा त्या वाटीतच बघत बोलल्या.

“प्रणिता, या वेळी फ्लॉपी त्यांच्या हातात देऊ नको.”

“काहून काकू?”

“तूच घाल. तूच काढ. मला विचारू नको.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. चेहऱ्याला रंग म्हणून नव्हता. सकाळचं उटणं मानेवर तसंच वाळलेलं. अंगाला लावलं, पण पाणी घेतलं नव्हतं.

“काकू…”

“जा आत. मी येते मागून.”

काकाजी खुर्चीतून उठून पुढे आले. “आणली? दे.” त्यांनी हात पसरला.

त्यांच्या शर्टाच्या खिशाला बाहेरून एक स्क्रू चिकटला होता. कापडावर, आडवा, कोणी टाचल्यासारखा. मी तो बघितला. मग टेबलाकडे बघितलं. चुंबक तिथे नव्हतं. फ्लॉपी चुंबकाजवळ नेऊ नका, हे आम्हाला क्लासमध्ये पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दिलं होतं.

दोन फ्लॉप्या या माणसानं छातीशी धरून पुसून टाकल्या होत्या. का, ते मला कळेना. एवढंच कळत होतं, की त्यांच्या आणि कॉम्प्युटरच्या मधून मला जायचं होतं.

“मीच घालते,” मी म्हणाले.

“तुला माझं मशीन…”

“येतं मला, काकाजी.”

मी अंग चोरून त्यांच्या बाजूनं गेले आणि खुर्चीत बसले. फ्लॉपी घातली. घुरघुर झाली, थांबली. फाइल आली. ती मोकळी करून मी उघडली, आणि धनू काकाजींच्या पडद्यावर आला. आमच्या पडद्यापेक्षा मोठा, स्वच्छ.

काकाजी मागे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“रिबन सुकली आहे,” ते म्हणाले. “छापणार नाही.”

“परवाच नवीन बसवली ना,” काकू दारातून म्हणाल्या. त्या आत आल्या आणि भिंतीशी, विजेच्या बोर्डासमोर उभ्या राहिल्या.

“शोभा, तू आत जा.”

“नाही जात.”

मी प्रिंटची कळ दाबली.

ते जुने प्रिंटर ज्यांनी ऐकले आहेत त्यांना तो आवाज आठवत असेल. एक कर्कश किरकिर डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक खेपेला कागद बोटाच्या पेरापेक्षाही कमी वर सरकतो. आधी नुसता राखाडी पट्टा आला. मग केस. मग कपाळ. भुवया आल्या. कॉलनीत फटाके वाजत होते, पण त्या खोलीत त्या किरकिरीवाचून काही नव्हतं. डोळे येऊ लागले तेव्हा काकाजी पुढे झाले.

“बंद कर ते.” त्यांचा हात बोर्डाकडे गेला. काकू बाजूला झाल्या नाहीत. त्यांनी काकूंचा दंड धरला. मी इतकी वर्षं त्या घरात जात होते, काकाजींनी आवाज चढवलेला कधी ऐकला नव्हता. “शोभा, सरक. पोराचं वाटोळं होईल.”

“झालं ते,” काकू म्हणाल्या. “होऊन गेलं.”

मागच्या खोलीचं दार उघडलं.

अंकुश उंबऱ्यात उभा होता. बनियन, पायजमा, ओठांवर सालं निघालेली. त्याला ताप नव्हता, आणि असला तरी तो नुसता तापानं तसा दिसत नव्हता. तो आमच्यापैकी कोणाकडेही बघत नव्हता. प्रिंटरमधून वर येणाऱ्या कागदाकडे बघत होता. कागदावर नाकापर्यंत धनू आला होता, आणि डोळे सरळ समोर, दाराकडे.

अंकुश मटकन खाली बसला.

“तो खदानीत आहे ताई,” तो म्हणाला.

प्रिंटर चालूच होता.

“जुन्या खदानीत. आम्ही पोहायला गेलो होतो. तो म्हणे मी घरी नाही जात, बाबा बोलतात. मी म्हटलं चल मग, पोहू. त्याला येत नव्हतं. मला माहीत होतं येत नाही म्हणून. मी म्हटलं, भितो का बे? त्यानं उडी मारली.” तो जमिनीवरच्या फरशीशी बोलत होता. “एकदा वर आला. हसून राहिला होता. मला वाटलं मस्करी करून राहिला. मग नाही आला.”

“अंकुश,” काकाजी म्हणाले. नुसतं नाव.

“मी धावत बाबांना सांगितलं. बाबा आले. बाबा म्हणाले आता काही होत नाही. त्याच्या चपला, कपडे सगळं बाबांनी उचललं. म्हणाले, ताप आला म्हणून सांग. दार लावून घे.”

मी काकाजींकडे वळले. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते आणि एकाएकी म्हातारे दिसत होते. “मी गेलो तेव्हा काहीच राहिलं नव्हतं, बाई,” ते म्हणाले. “वरून पाणी साफ शांत होतं. तुझ्या भावाला आणता आलं असतं तर मी उडी मारली असती. देवाची शपथ. पण तो गेलाच होता. अन् माझा तर होता ना अजून. कुंपण तुटलेलं होतं, चौकीदार नव्हता, माझ्या सहीवर सगळं. पोरावर आलं असतं, माझ्यावर आलं असतं…”

“अन् बसस्टँड?” मी विचारलं. “बॅग?”

ते भिंतीशी खाली बसले.

“बाबा तीन दिवस स्टेशनांवर फिरून राहिले काकाजी. भिकाऱ्यांची तोंडं उलथून पाहून राहिले.”

काकूंनी बोलायला सुरुवात केली ती माझ्याशी नव्हे, जणू भिंतीशी. आज पहाटे काकाजींनी स्वतः न्हाणीची चूल पेटवली. काकूंना नवल वाटलं, कधी पेटवत नाहीत. अंकुशला न्हाऊ घालायला गेल्या तर तो अंगाला पाणी लावू देईना. मग राख काढताना त्यांना पट्ट्याचं बक्कल सापडलं. कॉलेजचं. अंकुशचा पट्टा खुंटीला होता. “तेव्हापासून माझ्या तोंडातून निघून नाही राहिलं,” त्या म्हणाल्या. “चार वेळा तुमच्या फाटकापर्यंत आली. आईला कसं सांगू? कोणत्या तोंडानं?”

प्रिंटर थांबला. पूर्ण धनू बाहेर आला होता, कॉलरपर्यंत. काकू पुढे आल्या, कागद दोन्ही कडांच्या छिद्रांच्या पट्ट्यांसकट नीट फाडला, पट्ट्या एकेक करून वेगळ्या केल्या आणि कागद माझ्या हातात दिला. “जा,” त्या म्हणाल्या. “मी पोलिसांकडे जाते. अंकुशला घेऊन. तू आईजवळ जा.”

काकाजी बसून राहिले. त्यांनी कोणालाच अडवलं नाही.

समोरचं घर. मध्ये फक्त रस्ता. एक फुलबाजी घेतलेली पोरगी मला धडकता धडकता वाचली आणि हसली. मी फाटक उघडलं तेव्हा आई खिडकीतून उठून दारात आलेली होती. माझ्या हातात कागद बघून तिच्या चेहऱ्यावर काहीतरी फुललं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

“झाला?” तिनं कागद घेतला, उजेडाला धरला. “चांगला आला गं. डोळे बरोबर आले. आता कोणीही ओळखेल याला.”

“आई, खाली बस,” मी म्हणाले.

ती बसली नाही. कागद हातात धरून उभ्यानंच तिनं सगळं ऐकलं. ओरडली नाही. मधेच एकदा म्हणाली, “पोहता येत नव्हतं त्याला,” जणू ते मला माहीत नसावं. मग चकलीच्या भाजणीच्या डब्याचं झाकण तिनं लावलं, घट्ट, दोन्ही हातांनी दाबून, आणि त्यानंतर ती खाली बसली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, कॉलनीत सगळीकडे पणत्या लावायची तयारी चालली होती तेव्हा, इरई नदीकाठच्या गावातल्या भोई लोकांनी गळ टाकून धनूला वर काढलं. बाबा दुपारी वर्ध्याहून आले. त्यांना फोनवर नुसतं ‘परत या’ सांगितलं होतं. जुन्या खदानीच्या काठावर काकानं त्यांना एका बाजूला नेऊन काय ते सांगितलं. मी जवळच होते. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी काकाला विचारलं,

“म्हणजे तो पळाला नव्हता?”

“नाही दादा.”

“माझ्या बोलण्यानं गेला नव्हता घर सोडून?”

“नाही. पोहायला गेला होता. संध्याकाळी येणार होता.” ‘मी घरी नाही जात’ हे धनूचं वाक्य काकानं गाळलं.

बाबा खाली बसले आणि मग रडले. तीन दिवसांत ते रडले नव्हते, काका नंतर म्हणाला. नुसते स्टेशनावर माणसांची तोंडं बघत चालत राहिले होते. एखादा पोरगा पाठमोरा दिसला की धावायचे आणि “माफ कर बेटा” म्हणत त्याला वळवायचे. काकाजींनी आमच्याकडून ते तीन दिवस घेतले. अपघात कोणाच्या हातचा नसतो, आई पुढे म्हणायची. ते तीन दिवस मात्र हातचे होते.

काकाजींना पोलिसांनी नेलं. नोकरीतून निलंबित झाले. खटला पुष्कळ वर्षं रखडला आणि शेवटी त्यांना थोडी शिक्षा झाली. अंकुशनं जबाब दिला तेव्हा काहीही लपवलं नाही, ‘भितो का बे’ हेसुद्धा नाही. वकिलानं तेवढं गाळ म्हणून सांगितलं होतं म्हणे. लाइनीतल्या लोकांनी त्या घराशी बोलणं टाकलं. आई तर काकूंचं नावही काढत नसे. काकूच नसत्या तर आम्ही अजून स्टेशनं शोधत असतो, असं मी एकदा म्हणाले, तेव्हा ती उठून आत गेली.

माघात त्यांना क्वार्टर सोडायला लागलं. काकाजी जामिनावर होते, पण सामान हलवायला आले नाहीत. काकू आणि अंकुश दोघंच ट्रकमध्ये भांडी, गाद्या चढवत होती. आमच्या कॉलनीत कोणाचं सामान निघालं, की त्या दिवशी चूल बांधलेली असते म्हणून शेजारचे जेवण पाठवायचे. त्या दिवशी कोणाच्याच घरून कोणी निघालं नाही. दारं लोटलेली.

आई सकाळपासून स्वयंपाकघरात होती. अकराच्या सुमाराला तिनं माझ्यासमोर डबा ठेवला. पोळ्या, वांग्याची भाजी, भात, वरण.

“दे नेऊन,” ती म्हणाली. “मी येत नाही.”

मी रस्ता ओलांडला. काकू ओट्यावर पोतं बांधत होत्या. डबा बघून त्या इतकंच म्हणाल्या, “तिनं केलं?” मी हो म्हटलं. त्यांनी हात धुतले, अंकुशला हाक मारली, आणि दोघं तिथेच, उघड्या ओट्यावर, साऱ्या लाइनीच्या बंद दारांसमोर जेवायला बसली. अंकुशला पहिला घास गिळता येईना. काकूंनी त्याच्या पुढ्यात पाणी सरकवलं. “खा,” त्या म्हणाल्या. “पूर्ण खा.” मी उभी राहिले, डबा रिकामा होईपर्यंत.

घरी आले तेव्हा आई खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती.

“जेवली?”

“हो.”

तिनं डबा माझ्या हातातून घेतला.

“अन् अंकुश?”

“तोही जेवला,” मी म्हणाले.

आईनं मान हलवली आणि डबा घासायला घेऊन आत गेली.